रेषांचा ठेका

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एक पोस्टर ऐकवायचं आहे. रेडिओवर ते दाखवता येत नाही, पण त्यावाचून आपलं काही अडणार नाही. माझ्याबरोबर एक सूर धरा. कुठलाही चालेल. आधी एक मात्रा. थांबा. आता तोच सूर दोन मात्रा. मग चार. मग आठ. दम पुरला तर सोळा, आणि त्यापुढे बत्तीस.

धरलात? मग १९५५ सालचं एक स्विस पोस्टर तुम्ही जवळजवळ गाऊनच दाखवलंत. झुरिकच्या टोनहाले या संगीतगृहातल्या बीथोवेनच्या मैफलीसाठी योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी ते केलं. कागदावर एका केंद्राभोवती गडद कमानी फिरतात. आतली बारीक, तिच्या पुढची दुप्पट जाड, त्यापुढची आणखी दुप्पट. गाणारी माणसं ज्याला दुगुन, चौगुन म्हणतात, तीच पटीची चाल इथे जाडीत उतरली आहे. बीथोवेनचा चेहरा नाही, पियानो नाही, उडणारे विस्कटलेले केस नाहीत. मजकूर छोट्या अक्षरांत, शांतपणे बसलेला. म्युलर-ब्रोकमान यांच्या पत्नी व्हायोलिनवादक होत्या हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर नवल वाटलं नाही. घरात रोज रियाज चालत असेल तर हाताला मात्रा आपोआप मोजता येत असणार.

मी ग्राफिक डिझायनर आहे, आणि हे पोस्टर पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. संगीतासाठी केलेल्या चित्रात संगीताचा विषय दिसला नाही तरी चालतो. लय मात्र दिसलीच पाहिजे.

त्याआधी मी उलटंच करायचे. तंतुवाद्यांच्या एका मैफलीसाठी मी मोठं, देखणं व्हायोलिन रंगवलं होतं. लाकडावरची चमक साधायलाच तीन दिवस गेले. छापील प्रत भिंतीवर लावली, शेजारच्या खोलीत तालीम चालली होती, आणि त्या आवाजात ते चित्र मुकं वाटलं. ते कुठल्याही मैफलीला चाललं असतं. पुढच्या वेळी मी त्याच वादकांचं ध्वनिमुद्रण लावलं, डोळे मिटले, आणि गजाच्या प्रत्येक ओढीबरोबर कागदावर पेन्सिलीची एक रेघ ओढत गेले. लांब ओढीला लांब रेघ, तुटक ओढीला तुकडा. वीसेक कागद भरले. त्यातल्या एकावर रेघा एका ठिकाणी दाटल्या होत्या आणि मग अचानक बोटभर जागा कोरी राहिली होती. वादकांनी तिथे श्वास घेतला होता. त्या कोऱ्या जागेवरच मी पोस्टर उभं केलं.

तालात आपण ‘खाली’ची मात्रा मोजतो ना? हात बाजूला उलटा जातो, टाळी पडत नाही, पण मात्रा चुकवून चालत नाही. पानावरची मोकळी जागा मला तशीच लागते. ती उरलेली नसते, मोजून ठेवलेली असते. अक्षरांमधलं अंतर लावताना मी आजही मेजावर बोटं वाजवते. ठेका अडखळला की समजायचं, दोन अक्षरं फार जवळ आली आहेत.

रेकॉर्डच्या कव्हरांचं वेड यातूनच लागलं. मुळात रेकॉर्डला असं चित्र नसायचं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटांचंच संगीत मावे, त्यामुळे मोठ्या रचनेसाठी पाच-सहा तबकड्या पुस्तकासारख्या बांधत. अल्बम हा शब्द तिथूनच आला. बाहेरून साधा पुठ्ठा आणि नाव. १९३९ मध्ये कोलंबिया कंपनीत आलेल्या तरुण अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी त्या पुठ्ठ्यावर चित्र छापायचा आग्रह धरला, आणि १९४० मध्ये त्यांचं पहिलं कव्हर निघालं. नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवर दिव्यांत उजळलेली संगीतकारांची नावं. तबकडी सुईखाली जाण्याआधीच दिवे लागलेले!

मात्र एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती. ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी पाचशेच्या आसपास कव्हरं केली. एखाद-दुसरा रंग, फ्रान्सिस वुल्फ यांनी काढलेल्या छायाचित्राचा कापलेला तुकडा, आणि कधी धावणारी, कधी एकमेकांवर आदळणारी अक्षरं. पाहता पाहता पाय हलू लागतो. आणि या गृहस्थांना जॅझची फारशी आवड नव्हती. ते पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचे. मग ही लय आली कुठून? निर्माते आल्फ्रेड लायन त्यांना ध्वनिमुद्रण कसं झालं, त्याचा रंग काय होता, हे बोलून सांगत. माइल्स त्या सांगण्यावरून चित्र करत. हे वाचलं तेव्हा माझं खटकणं थांबलं. लय बोलण्यातूनही पोचते. इथे माइकसमोर बसताना मला त्याचाच आधार वाटतो आहे.

जाता जाता आणखी एक कव्हर. १९७९ साली जॉय डिव्हिजन या बँडच्या पहिल्या अल्बमसाठी पीटर सॅव्हिल यांनी खगोलशास्त्राच्या कोशातली एक आकृती वापरली. कोशात ती पांढऱ्यावर काळी होती, त्यांनी ती काळ्यावर पांढरी केली. एकाखाली एक नागमोडी रेषा, मध्यावर शिखरं. दर्शनी बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. या रेषा म्हणजे १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचे, ठोके. हा तारा साधारण १.३४ सेकंदाला एक ठोका देतो, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीसच्या जवळपास. अगदी संथ, विलंबित लय. आणि ते ठोके पृथ्वीपर्यंत आले ते रेडिओलहरींवरून, जशी मी आत्ता तुमच्यापर्यंत येते आहे.

मेजावर बोट ठेवा. मी सुरुवात करून देते. एक... एक... एक... आता मी थांबते, तुम्ही चालू ठेवा.