यंत्र बंद न करणारा माणूस

तळहातावरचा हा पोलादी गोळा बघा, खुब्याच्या कृत्रिम सांध्यातला. व्यास जेमतेम २२ मिलिमीटर. आपल्या खुब्यातला मूळ गोळा याच्या दुप्पट असतो. मग इतका लहान कशाला? गोळा लहान, तर तो ज्या वाटीत फिरतो तिला घर्षणाने बसणारा पीळ कमी. आणि पीळ कमी, तर वाटी हाडातून सैल व्हायची भीतीही कमी. हे गणित सर्जन जॉन चार्न्ली यांचं. गाव राइटिंग्टन, इंग्लंड. रुग्णालय मुळात क्षयरोग्यांसाठी बांधलेलं.

मांडीच्या हाडाचा खराब झालेला माथा कापायचा, गोळ्याचा दांडा त्याच हाडाच्या पोकळीत उतरवायचा. तो पक्का बसवायला अॅक्रेलिक, दाताच्या कवळ्यांना लागतं त्याच जातीचं. पावडरीत द्रव कालवला की आधी पातळ, मग कणकेसारखं, आणि काही मिनिटांत गरम होऊन दगड. हा डिंक नव्हे. फटी भरतो आणि पायावरचा भार हाडात सगळीकडे पसरवतो.

दांडा टिकला. दगा दिला तो टेफ्लॉनच्या, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरच्या प्लास्टिकच्या, वाटीने. दोन-तीन वर्षांत ती झिजली, भुकटीने सांधा सुजला. असे रुग्ण सुमारे ३००. अनेकांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

आता रुग्णालयाच्या कार्यशाळेत येऊ. इथले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन. मे १९६२ मध्ये त्यांच्याकडे एक विक्रेता आला, यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी निघालेलं नवं प्लास्टिक घेऊन. चार्न्लींनी तुकड्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं आणि ‘वेळ फुकट घालवतोयस’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते निघून गेले. मोठ्या डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर विषय संपतो, निदान आपल्याकडे तरी. क्रेव्हन यांनी मात्र तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. चार्न्ली कोपनहेगनला गेले, यंत्र रात्रंदिवस चालूच. तीन आठवड्यांनी मोजलं, तर टेफ्लॉन एका दिवसात झिजतं तेवढंही ते झिजलं नव्हतं.

ते होतं अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिथिलीन, म्हणजे फार लांब रेणूंचं पॉलिथिलीन. या खेपेला चार्न्लींनी त्याचा नमुना स्वतःच्या मांडीतही घालून घेतला आणि महिनोन्‌महिने तसाच ठेवला. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात आजही बहुतेक वेळा याच प्लास्टिकची सुधारलेली जात असते.

१९७७ साली चार्न्ली ‘सर’ झाले, सांध्यालाही त्यांचंच नाव पडलं. मोजायची सवय मात्र त्यांनीही सोडली नाही. मृत्यूनंतर सांधा काढून तपासू द्या, असं ते आपल्या रुग्णांकडून आधीच मागून ठेवत. वाटी किती झिजली, ते पाहायला.