पंप घेतला, आता चालायचं कसं?

मंडळी, सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) पेशंट सांगतो, "बसून असलो की काही नाही, जिना चढलो की दम लागतो." आणि घरचे विचारतात, "पंप (श्वासातून औषध ओढायचा इनहेलर) सुरू करून दोन महिने झाले, मग फुंकून काढलेल्या रिपोर्टातला आकडा तसाच कसा?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, छातीत अडकलेल्या हवेत.

आरामात बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १५ श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला चार-पाच सेकंद. जिना चढताना हीच गती ३० वर गेली की दोनच सेकंद हातात राहतात, त्यातलं सेकंदभर श्वास सोडायला. सीओपीडीत नळ्या अरुंद झालेल्या, फुप्फुसाचा ताण सैल पडलेला. तेवढ्या वेळात हवा बाहेर पडत नाही, आणि आधीची आत असतानाच पुढचा श्वास घ्यावा लागतो. दर पायरीला छाती थोडी अधिक फुगते. पेशंटला वाटतं श्वास आत जात नाही. खरं तर तो बाहेर पडत नाही.

श्वासनलिका रुंदावणारं औषध इथे उपयोगी पडतं. पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचा आकडा, एफईव्ही-१, कदाचित जेमतेम हलेल. पण अडकलेली हवा कमी झाली की आत घ्यायला २००-३०० मिलिलिटर जागा मोकळी होऊ शकते. शांत श्वास साधारण ५०० मिलिलिटरचा असतो, हे लक्षात घेतलं तर ही जागा केवढी मोठी! म्हणून औषधाचा गुण नुसत्या रिपोर्टात शोधू नका. ३० मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायची चाचणी चांगली आहे, पण तिथे पेशंट आपापल्या चालीनं चालतो, त्यामुळे अंतर फारसं न वाढता फक्त धाप कमी झालेली दिसू शकते. ठरावीक भारावर सायकल किती वेळ चालवता येते, यात फरक जास्त स्पष्ट कळतो.

आता वेळेचं. साल्ब्युटामॉल या नळ्या झटपट रुंदावणाऱ्या औषधाचा गुण पाच मिनिटांत येऊ लागतो आणि चार ते सहा तास टिकतो. डॉक्टरांनी व्यायामाआधी घ्यायला सांगितलं असेल तर निघण्याच्या १५ मिनिटं आधी घ्या. टायोट्रोपियम हे जास्त वेळ टिकणारं औषध दिवसातून एकदाच; ते रोजचं आहे, दम लागल्यावर घ्यायचं नाही.

पद्धत चुकली तर बरंचसं औषध घशातच वाया जातं. फवाऱ्याचा पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबता दाबता सावकाश तीन ते पाच सेकंद ओढा आणि दहापर्यंत मोजून धरा. हात आणि श्वास जुळत नसेल तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावाच. तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. यंत्रात घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलचं उलट आहे, तिथे जोरात आणि खोल ओढावं लागतं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, म्हणून पहिल्याच दिवशी समोर घेऊन दाखवायला सांगा.

औषधानं छातीत जागा झाली तरी कित्येकांचे पाय आधी थकतात, कारण धापेच्या भीतीनं वर्षानुवर्षं चालणं टाळल्यामुळे मांडीचे स्नायू वाळलेले असतात. तिथे पंपाचं काही चालत नाही. उठबस, चालणं, ओठ चंबू करून श्वास सोडणं, हे आठवड्यातून तीनदा तरी, सहा ते आठ आठवडे करावं लागतं. चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.