फाटा आधी कुठे फोडायचा?

(पडद्यावर: वीस ठिपके आणि त्यांना जोडत जाणारी रेघ)

वीस शहरं. प्रत्येकात एकदाच जायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. सगळ्यात कमी अंतराची फेरी कोणती? शक्य फेऱ्या आहेत सुमारे 60,822 लाख कोटी. एकेक तपासणं शक्यच नाही.

1960 मध्ये आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी अशा प्रश्नांसाठी एक पद्धत मांडली. आज तिला ब्रँच अँड बाउंड म्हणतात. प्रश्नाला फाटा फोडायचा: एका बाजूला हा रस्ता घ्यायचाच, दुसऱ्या बाजूला घ्यायचाच नाही. मग त्या बाजूला निदान किती अंतर पडणारच, हे गणिताने काढायचं. हातातली फेरी त्याहून लांब नसेल, तर ती अख्खी बाजू न उघडताच बाद!

खरी मेख पुढे आहे. फाटा आधी कुठे फोडायचा? मोठ्या प्रश्नात चलं, म्हणजे ‘हा रस्ता घ्यायचा की नाही’ असे निर्णय, हजारोंनी असतात. निवड चुकली की शोधाचं झाड आवाक्याबाहेर वाढतं. स्ट्राँग ब्रँचिंग नावाच्या पद्धतीत सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम, एकेका चलावर फाटा फोडून बघतो, ती किमान अंतराची मर्यादा किती सरकते ते मोजतो आणि मगच ठरवतो. झाड छोटं राहतं, पण या चाचपणीतच वेळ निघून जातो.

(पडद्यावर: एकीकडे चलं, दुसरीकडे बंधनं, मध्ये रेघा)

2019 मध्ये संशोधक मॅक्सिम गास आणि सहकाऱ्यांनी प्रश्न असा मांडला. जे चल ज्या बंधनात, म्हणजे प्रश्नातल्या अटीत, येतं, त्या दोघांत रेघ. ग्राफ न्यूरल नेटवर्कला, म्हणजे ठिपके-रेघांच्या जाळ्यावरून शिकणाऱ्या मॉडेलला, हे चित्र आणि स्ट्राँग ब्रँचिंगने केलेली निवड दाखवत गेले. नेटवर्क ती निवड चाचपणीशिवाय करायला शिकलं, आणि शिकताना पाहिलेल्या उदाहरणांहून मोठ्या उदाहरणांवरही ते चाललं.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की नेटवर्क फक्त क्रम सुचवतं. कुठली बाजू बाद करायची, हे गणितच ठरवतं. सल्ला चुकला तर वेळ वाया जाईल, पण शोध पुरा झाल्यावर हाती आलेलं उत्तर सर्वोत्तमच असेल.

अडचणी आहेतच. एका प्रकारच्या प्रश्नांवर शिकलेलं मॉडेल वेगळ्या प्रकारात अडखळतं. शिवाय जीपीयू, म्हणजे अशी गणितं झपाट्याने करणारी चिप, नसेल, तर प्रत्येक फाट्यावर नेटवर्क चालवणं महागात पडतं. म्हणून 2020 मध्ये मिश्र मॉडेल पुढे आलं: जड नेटवर्क झाडाच्या मुळाशी एकदाच चालवायचं आणि पुढच्या फाट्यांवर हलक्या मॉडेलने काम भागवायचं.