मार्ग आखण्याआधी विचारा

मित्रहो, पीएम ई-बस सेवा योजनेत आपल्या सोलापूरला १०० इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या. डेपो कुठे, चार्जिंग कसं, ठेकेदाराला किलोमीटरमागे किती द्यायचे, यावर कार्यालयांत चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मला आज त्याच्या आधीचं बोलायचं आहे. या बस कुठून कुठे आणि किती वाजता धावणार, हे कोणाला विचारून ठरवायचं?

पद्धत आपल्याला ठाऊक आहे. नकाशा तयार होतो, वर्तमानपत्रात कोपऱ्यात जाहिरात येते, ‘हरकती व सूचना’ मागवतात, मुदत संपते. ज्याला अर्ज लिहिता येतो तो लिहितो. रोज थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना ती जाहिरात दिसतही नाही. दिसली तरी रेषा आधीच मारलेल्या असतात.

आपला पूर्व भाग घ्या. अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर. घरात तेलुगू, बाजारात मराठी. विडी वळणारी बाई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जाते, मोजून देते, पान-तंबाखू घेते. परतताना रेशन, भाजी, मुलाची शाळा, कधी सिव्हिल. हा एक प्रवास नाही, चार-पाच तुकडे आहेत. आपली पाहणी मात्र ‘घर ते नोकरी’ एवढंच विचारते. मग तिचे तुकडे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, आणि जे रकान्यात नाही त्याला बस मिळत नाही.

शहराबाहेरच्या कुंभारीचं बघा. असंघटित कामगारांनी वर्षानुवर्षं लढून रे नगरची घरं मिळवली. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. घर झालं, पण यंत्रमाग, बाजार, दवाखाना राहिला शहरात, दहा-बारा किलोमीटरवर. पाळी सुटल्यावर परतीची बस आहे की नाही, यावर तिथल्या घराचा महिन्याचा हिशेब ठरतो.

म्हणून बैठक सभागृहात दुपारी तीनला घेऊ नका. विडी कारखान्यात बायका रांगेत असतात तिथे जा, पाळी बदलते त्या वेळी यंत्रमागावर जा. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं सोबत न्या. जमिनीवर मोठा नकाशा अंथरा. आणि ‘तुम्हाला कोणता मार्ग हवा?’ असं विचारू नका, कारण प्रत्येक जण ‘माझ्या दारावरून’ म्हणेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. विचारा, ‘काल दिवसभरात कुठे कुठे गेलात? कशाने? कुठे थांबावं लागलं? कुठे जायचं राहून गेलं?’ राहून गेलेला प्रवास कोणत्याही मोजणीत सापडत नाही. तो फक्त माणूसच सांगू शकतो.

मग कठीण गोष्टही उघडपणे मांडा. एका फेरीला जाऊन-येऊन एक तास लागतो असं धरा. सहा बस एकाच रस्त्यावर सोडल्या तर दर दहा मिनिटांनी बस मिळेल. त्याच सहा बस सहा रस्त्यांवर वाटल्या तर प्रत्येक ठिकाणी तासाला एक. पहिल्यात थोडं चालावं लागेल, दुसऱ्यात घराजवळ बस येईल पण मे महिन्याच्या उन्हात तासभर उभं राहावं लागेल. दोन्ही एकदम मिळणार नाही. हे गणित लोकांना कळत नाही, असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्याला ते आपल्यापेक्षा लवकर कळतं.

शेअर रिक्षावाल्यांनाही बोलवा. कुठल्या चौकात किती वाजता गर्दी होते, हे त्यांना तोंडपाठ असतं. आधी विचारलं तर ते गल्लीतून बसपर्यंत माणूस आणतील. नाही विचारलं तर थांब्यासमोर रिक्षा लावतील, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न असल्याने त्यांना दोषही देता येणार नाही.

अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखीव रस्त्यावरची बससेवा, सुरू करताना आधी काही महिने लोकांना फुकट बसू दिलं, नमुन्याचा थांबा उभारून दाखवला, सूचना घेतल्या. दिल्लीचा २००८ चा तसाच राखीव बसमार्ग मात्र २०१६ मध्ये उखडला गेला. कारणं अनेक होती, पण माझ्या मते एक मोठं होतं: गाडीवाल्यांची तक्रार रोज ऐकू येत होती, आणि बसमधल्या प्रवाशांना एकत्र करून त्यांचा आवाज कोणी उभाच केला नव्हता. लोक सोबत असले तर प्रकल्प वाईट दिवसांतही टिकतो.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारांनी आपल्या भागाच्या कामांवर बोलावं, हाच तिचा हेतू. ती कागदावरून उतरवायला बससारखा विषय दुसरा नाही.

आणि उत्तर द्या. आलेली प्रत्येक सूचना, ती घेतली का, नसेल तर का नाही, हे चारही भाषांत थांब्यावर लावा. नकार चालतो. गप्प बसणं चालत नाही. एकदा तसं झालं की पुढच्या बैठकीला कोणी येत नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळं शहर होम मैदानावर येतं. परिवहन विभागाने तिथे एक मांडव घ्यावा, नकाशा अंथरावा, आणि मार्गांचा पहिला मसुदा त्यानंतरच कागदावर उतरवावा, एवढी माझी मागणी आहे.