मन्याडच्या खोऱ्यातला आमदार

मित्रहो, भाई केशवराव धोंडगे 1957 साली नांदेड जिल्ह्यातल्या, मन्याड नदीच्या खोऱ्यातल्या कंधारमधून पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मलंही नव्हतं. निजामाच्या राज्यातून सुटलेला मराठवाडा आदल्याच वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. तिथून नव्वदच्या दशकापर्यंत, मधले खंड सोडले तर, हा माणूस विधानसभेत उभा राहून बोलत राहिला. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे बहुतेक काळ बाकं विरोधी.

आता तुम्ही विचाराल, सत्ता नाही तर आमदार करतो काय? हल्ली आपण आमदार मोजतो तो निधीवर. किती सभामंडप दिले, किती रस्ते आणले. मला हे माप फार तोकडं वाटतं. तारांकित प्रश्नाचंच घ्या, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो प्रश्न. दुष्काळी कामावरची मजुरी थकली, तहसीलचा कारकून दाद देत नाही. आमदारानं सभागृहात प्रश्न टाकला की तो मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून त्याच तहसिलीत येतो. त्याच कारकुनाला कपाटातलं हजेरीपत्रक काढावं लागतं. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. ज्याच्या बाजूनं कुणी नाही त्याच्यासाठी सरकारला बोलतं करणं, हे आमदाराचं खरं काम. आणि त्या कामात भाईंचा आवाज असा, की लोकांनी त्यांना मन्याडचा वाघ म्हटलं!

आणीबाणीत ते तुरुंगात गेले. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा शंकरराव चव्हाण, तेही आपल्याच नांदेडचे. सुटल्यावर 1977 मध्ये याच नांदेडनं भाईंना लोकसभेत पाठवलं.

कंधारची श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी, 'जय क्रांती' साप्ताहिक, ही भाईंची कामं तुम्हाला ठाऊकच आहेत. मला मात्र थांबावंसं वाटतं ते गुराखीगडावर. साहित्य संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ येतं. भाईंनी या गडावर संमेलन भरवलं गुराख्यांचं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि रानात म्हटलेली गाणी मंचावर. ज्याला गावात कुणी 'बस' म्हणत नव्हतं, त्याच्यापुढे माईक ठेवला. विधानसभेतलं त्यांचं काम आणि हे काम मला वेगळं वाटतच नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये शताब्दीनिमित्त विधानसभेनं त्यांचं अभिनंदन केलं. 1 जानेवारी 2023 ला ते गेले.

इथं राज्यशास्त्राची मुलं बसली आहेत, त्यांना एक विनंती. सभागृहातला शब्द न् शब्द प्रतिवेदक उतरवून घेतात, आणि कार्यवाहीचे ते खंड विधान भवनाच्या ग्रंथालयात आहेत. प्रबंधाला विषय शोधत असाल तर ते उघडा. मुंबईला जायचं म्हटलं तर भाड्याची सोय आपण इथंच वर्गणी काढून करू. पहिली वर्गणी माझी.