प्रदूषित जमिनीवरचे इंधन: झाडाने शोषलेला धातू जातो कुठे?

नमस्कार. जस्त वितळवणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात वर्षानुवर्षे धूर खाली बसत राहतो आणि त्यातील कॅडमियम हा विषारी धातू मातीच्या वरच्या थरात साचतो. बेल्जियमच्या ईशान्येकडील कँपिन प्रदेशात हेच घडले. अशा मातीत पालेभाजी घेतली तर कॅडमियम थेट जेवणात उतरते, आणि एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रातील माती उकरून हलवणे कोणालाही परवडणारे नाही. म्हणूनच तेथील लोमेल येथे संशोधकांनी विलो आणि पॉप्लर ही झपाट्याने वाढणारी झाडे लावून पाहिली: झाडाने मातीतील धातू शोषायचा आणि लाकडापासून इंधन करायचे, अशी ही कल्पना.

विलो तोडला की बुडख्यातून नवे फुटवे येतात, त्यामुळे एकाच लागवडीतून दर तीन-चार वर्षांनी लाकूड मिळते. त्याची मुळे कॅडमियम आणि जस्त बऱ्यापैकी उचलतात. शिसे मात्र मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की तेथे या झाडाचे फारसे काही चालत नाही.

खरी अडचण पानांत आहे. धातूंचे प्रमाण लाकडापेक्षा पानांत जास्त असते. पानगळीनंतर तोडणी केली तर इंधनासाठी तुलनेने स्वच्छ लाकूड हाती येते, पण पानांतील कॅडमियम पुन्हा त्याच मातीत पडते. पाने असतानाच तोडणी केली तर जमिनीतून धातू बाहेर जातो, पण तो इंधनाच्या कच्च्या मालात येतो. जमीन स्वच्छ करायची की इंधन, हे आधीच ठरवावे लागते, आणि प्रकल्पांच्या जाहिरातीत नेमके हेच सांगितले जात नाही.

पुढचा प्रश्न तापमानाचा. कॅडमियम 767 अंश सेल्सियसला उकळते, जस्त 907 अंशांना. भट्टीत लाकूड जाळले तर या धातूंची वाफ होते आणि वायू थंड होताना ती बारीक उडत्या राखेवर बसते. चांगली गाळणयंत्रणा नसेल तर ती राख धुराड्यातून बाहेर पडून पुन्हा शेजारच्या शेतांवर पसरेल. प्राणवायूशिवाय, भट्टीपेक्षा बऱ्याच कमी तापमानावर लाकूड तापवले, म्हणजेच पायरोलिसिस केले, तर बहुतांश धातू कोळशात राहतात आणि तेल तुलनेने स्वच्छ मिळते. मात्र हा कोळसा खत म्हणून शेतात टाकता येत नाही. लाकडातील सेल्युलोजची साखर करून, ती आंबवून इथेनॉल काढले, तर ते 78 अंशांच्या आसपास ऊर्ध्वपातित होते, म्हणजे वाफ होऊन वेगळे निघते, आणि धातू तळाच्या गाळात उरतात.

म्हणजे कोणतीही पद्धत निवडली तरी राख, कोळसा किंवा गाळ यांपैकी काहीतरी धातूंसह मागे राहतेच. त्याची तपासणी आणि सुरक्षित विल्हेवाट यांचा खर्च लागवडीच्या आधीच हिशेबात धरावा लागतो.