‘आवाहन करते’ आणि ‘निर्णय घेते’: अभिरूप सुरक्षा परिषदेसाठी ठराव लिहिताना

(मुंबईतील महाविद्यालयीन प्रतिनिधींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या अभिरूप परिषदेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या विद्यार्थी-प्रतिकृतीत, राष्ट्रे काल्पनिक आहेत, नकाशा काल्पनिक आहे, पण परिषदेचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर बेतलेले आहेत. विषय आहे समुद्रतळावरच्या केबलना असलेला धोका. अशा विषयावर पहिल्या तासाभरात जो मसुदा तयार होतो, त्यात हमखास एक वाक्य असते: ‘परिषद सर्व सदस्य राष्ट्रांना समुद्री केबलचे संरक्षण करण्याचे आवाहन करते.’ वाक्य ऐकायला चांगले आहे, त्याला कुणी विरोधही करत नाही. पण ते मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या देशातल्या कोणत्या अधिकाऱ्याला काय वेगळे करावे लागेल, असे विचारून पाहा. उत्तर मिळत नाही. ठरावातला प्रत्येक परिच्छेद शेवटी कुणाच्या तरी टेबलावर पोचला पाहिजे: तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याच्या, सरकारी वकिलाच्या, न्यायाधीशाच्या. आज मी याच एका कसोटीवर तुमचा मसुदा तपासणार आहे.

आधी धोका नीट समजून घेऊ. मुंबईत हे सोपे आहे, कारण भारतात येणाऱ्या समुद्री केबलपैकी फार मोठा वाटा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतो. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून जास्त डेटा वाहतूक अशा केबलमधूनच चालते. खोल समुद्रात केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ तिच्यावर पोलादी तारांचे वेष्टण असते. जगभरात वर्षाला साधारण १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यातले ७० ते ८० टक्के मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे होतात. हा आकडा लक्षात ठेवा. प्रत्येक तुटलेल्या केबलला हल्ला म्हणणारा मसुदा पहिल्यांदा वर्सोव्याच्या एखाद्या तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) गुन्हेगार ठरवेल; ज्याने मुद्दाम नांगर सोडला तो मात्र ‘अपघात झाला’ म्हणून निसटेल.

म्हणून व्याख्या आधी लिहा. अनेक प्रतिनिधी ती टाळतात, कारण भांडण तिथेच होते. टाळल्याचे परिणाम खऱ्या परिषदेने भोगले आहेत. २८ सप्टेंबर २००१ रोजी एकमताने झालेल्या ठराव १३७३ ने दहशतवादाला पैसा पुरवणे गुन्हा ठरवायला साऱ्या देशांना भाग पाडले, पण दहशतवाद म्हणजे काय हे सांगितले नाही. मग प्रत्येक सरकारने आपापली व्याख्या केली, आणि काहींनी त्यात आपले राजकीय विरोधकही बसवले. भारताने १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्ध सर्वसमावेशक कराराचा प्रस्ताव मांडला. तो आजही प्रामुख्याने व्याख्येपाशी अडला आहे. उलट विमान अपहरण, ओलीस ठेवणे, बॉम्बस्फोट यांवर वेगवेगळे करार झाले आणि ते चालतात. त्यांत माणसाला नाव दिलेले नाही, कृतीचे वर्णन केलेले आहे. तुम्हीही तेच करा. ‘केबल दहशतवाद’ असा शब्द मसुद्यात आला तर तो खोडा.

कृतीचे वर्णन करताना तीन प्रकार वेगळे काढावे लागतात: हेतुपुरस्सर तोडणे, दोषास्पद निष्काळजीपणाने तोडणे आणि निव्वळ अपघात. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराचे कलम ११३ पहिल्या दोन प्रकारांना शिक्षापात्र करायला सांगते आणि जीव किंवा जहाज वाचवताना, योग्य ती काळजी घेऊनही केबल तुटली तर सूट देते. तुमच्या काल्पनिक जगात हा करार लागू आहे का, हे अध्यक्षांना पहिल्याच सत्रात विचारून घ्या. लागू नसेल तर हे सगळे ठरावाच्या परिशिष्टात तुम्हालाच लिहावे लागेल, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागेल.

व्याख्या तपासायला एक अवघड उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने ‘रुबीमार’ जहाज निकामी झाले. खलाशी उतरले, जहाज भरकटले, आणि त्याचा नांगर तळावरून घासत गेल्याने तीन केबल तुटल्या असे मानले जाते. जहाजावरचा हल्ला हेतुपुरस्सर होता. केबल तोडणे? नांगर टाकणाऱ्या खलाशांचा तर काहीच दोष नव्हता. ‘बेकायदा हल्ल्याचा सहज अपेक्षित परिणाम म्हणून झालेले नुकसान’ अशी शब्दयोजना तुमच्या व्याख्येत नसेल, तर या घटनेत जबाबदार कुणीच उरत नाही.

आता ज्या ठिकाणी बहुतेक मसुदे कोसळतात तिथे येऊ: अधिकारक्षेत्र. म्हणजे पकडलेल्या माणसावर खटला कोण चालवणार.

मुंबईच्या न्यायालयांनी हा प्रश्न जवळून पाहिला आहे. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे अॅल्युमिनियम घेऊन जपानकडे निघालेले जहाज चाच्यांनी पळवले. भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडले व चाच्यांना मुंबईत आणले. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. तेव्हा भारतीय दंड संहितेत समुद्री चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोडा, खुनाचा प्रयत्न, शस्त्रास्त्र कायदा अशी कलमे जोडून खटला उभा करावा लागे. पुढे सोमाली चाच्यांनाही मुंबईत आणले गेले तेव्हा हीच ओढाताण झाली. अखेर २०२२ मध्ये समुद्री चाचेगिरीविरोधी कायदा झाला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा लावायला स्वतंत्र कायदा हाताशी होता. चाचेगिरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय नियम शतकानुशतके जुना आहे. पण न्यायाधीश शिक्षा देतो ती आपल्या देशाच्या कायद्याने.

केबलच्या बाबतीत हीच उणीव युरोपात दिसली. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाचा नांगर फिनलंडच्या आखातात कित्येक किलोमीटर ओढला गेला आणि एक वीजवाहिनी व काही दूरसंचार केबल तुटल्या. फिनलंडने जहाज ताब्यात घेतले, अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटला निकाली काढला. नुकसान १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर झाले होते. समुद्र कायद्याच्या कलम ९७ नुसार नौकानयनातल्या अपघाताचा खटला ध्वजराष्ट्र (जहाज ज्या देशात नोंदलेले आहे तो देश) किंवा आरोपीचा स्वतःचा देशच चालवू शकतो. जहाजावर कुक बेटांचा ध्वज होता.

म्हणून तुमच्या ठरावातला सर्वांत मोलाचा परिच्छेद साधारण असा हवा: ‘परिषद, सनदेच्या सातव्या प्रकरणान्वये, निर्णय घेते की सर्व राष्ट्रे या ठरावाच्या परिशिष्टात वर्णिलेली हेतुपुरस्सर व दोषास्पद निष्काळजीपणाची कृत्ये १८० दिवसांच्या आत आपल्या कायद्यात गुन्हा ठरवतील, आणि कृत्य अनन्य आर्थिक क्षेत्रात घडले असल्यास किनारी राष्ट्र, ध्वजराष्ट्र व आरोपीचे राष्ट्र या तिघांनाही खटला चालवण्याचा अधिकार राहील.’

शब्द एकेक करून पाहा. ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ म्हणजे प्रादेशिक समुद्रापलीकडे, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा. ‘निर्णय घेते’ हे क्रियापद सनदेच्या कलम २५ ला जाऊन भिडते. परिषदेचे निर्णय पाळण्याचे सदस्यांनी तिथे मान्य केले आहे. ‘आवाहन करते’, ‘आग्रह धरते’, ‘प्रोत्साहन देते’ यांना तेवढा भार सहसा नसतो. सातवे प्रकरण परिषदेला सक्तीचे उपाय करू देते. त्याचा उल्लेख करायचा तर त्याआधी कलम ३९ प्रमाणे शांततेला धोका असल्याचा निष्कर्ष एका स्वतंत्र वाक्यात नोंदवावा लागतो. घाईत हे वाक्य सुटते आणि पुढची सगळी इमारत लटकते. तीन राष्ट्रांना अधिकार देणे समुद्र कायद्याच्या कलम ९७ च्या विरुद्ध जाते. ते चालते, कारण सनदेच्या कलम १०३ नुसार सनदेखालचे बंधन इतर करारांवर मात करते. मात्र हे हत्यार एकदाच वापरा. प्रत्येक परिच्छेदात वापरलेत तर सागरी व्यापारी राष्ट्रे तुमच्याविरुद्ध एकत्र येतील. ‘१८० दिवस’ हा आकडाही विचारपूर्वक घ्यायचा आहे. ठराव १३७३ ने पहिल्या अहवालासाठी ९० दिवस दिले होते, अण्वस्त्रादी प्रसाराविरुद्धच्या २००४ च्या ठराव १५४० ने सहा महिने. संसदेतून कायदा करून घ्यायचा असेल तर ९० दिवस कमीच पडतात. मुदतच लिहिली नाही तर पाळायलाच काही उरत नाही.

जहाजावर चढून तपासणी करण्याचा परिच्छेद लिहिताना हात आखडता ठेवा. १८८४ च्या पॅरिस करारात युद्धनौकांना संशयित जहाजाची कागदपत्रे तपासण्याचा अधिकार होता. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ पाच केबलना इजा झाल्यावर अमेरिकी नौदलाने याच आधारावर एका सोव्हिएत ट्रॉलरवर माणसे चढवली होती. १९८२ च्या करारात हा अधिकार पुन्हा आला नाही. तो परत मागायचा असेल तर टप्पे घाला: आधी रेडिओवरून विचारणा, मग ध्वजराष्ट्राची संमती, संमतीसाठी ठरावीक तास, आणि चढल्यावर तपासणी फक्त नांगर, साखळी, प्रवासनोंदी आणि ओळख-प्रक्षेपक यंत्र (जहाजाची ओळख व ठिकाण प्रसारित करणारे) यांचीच. ‘आवश्यक ते सर्व उपाय’ हे शब्द इथे कधीही वापरू नका. परिषदेच्या भाषेत ते बळाच्या वापराची परवानगी म्हणून वाचले जातात. १७ मार्च २०११ च्या लिबियावरच्या ठराव १९७३ मध्ये नागरिकांच्या रक्षणासाठी हे शब्द होते. ठराव १० मतांनी मंजूर झाला, भारतासह पाच देश तटस्थ राहिले, आणि त्या शब्दांचा अर्थ कुठवर ताणायचा यावरचा वाद आजही संपलेला नाही.

कालमर्यादेबद्दल दोन उदाहरणे पुरतील. ठराव १८१६ ने जून २००८ मध्ये सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रात चाच्यांचा पाठलाग करायची मुभा दिली: फक्त सहा महिने, तिथल्या सरकारच्या संमतीने, आणि ‘याने रूढ कायदा (देशांच्या प्रथेतून बनणारा आंतरराष्ट्रीय कायदा) निर्माण होत नाही’ असे स्पष्ट लिहून. मुदती वाढत गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये मुभा आपोआप संपली. इराकवर निर्बंध लादणाऱ्या १९९० च्या ठराव ६६१ ला मुदत नव्हती. निर्बंध उठवायला नवा ठराव लागणार, आणि एकट्या स्थायी सदस्याचा नकाराधिकारही तो अडवू शकणार, अशी स्थिती झाली. त्याची झळ वर्षानुवर्षे सामान्य इराकींना बसली. तपासणीच्या अधिकाराला १२ महिन्यांची मुदत घाला. गुन्हा ठरवण्याच्या बंधनाला घालू नका, कारण दंडविधान दरवर्षी बदलत नाही.

मच्छीमारांचा परिच्छेद प्रतिनिधी शेवटी, उरल्यासुरल्या वेळात लिहितात. तो माझ्या मते वर यायला हवा. समुद्र कायद्याच्या कलम ११५ नुसार केबल वाचवण्यासाठी ज्याने जाळे किंवा नांगर सोडून दिला, त्याला केबलच्या मालकाकडून भरपाई मिळायला हवी, मात्र त्याने आधी वाजवी काळजी घेतलेली असावी. प्रत्यक्षात जाळे अडकले की तांडेल यंत्राने ओढून पाहतो, कारण डोल किंवा ट्रॉल जाळ्याची किंमत त्याला माहीत असते आणि भरपाईची वाट त्याला कुणी दाखवलेली नसते. ठरावात केबल कंपन्यांनी किनारी भाषांत मार्गाचे नकाशे देणे, दावा दाखल करण्यासाठी एकच खिडकी आणि ठरावीक दिवसांत पैसे देणे हे लिहा. ७० ते ८० टक्के बिघाड जिथे होतात, तिथे हा परिच्छेद तपासणीपेक्षा जास्त केबल वाचवेल.

प्रास्ताविकावर फार वेळ घालवू नका. चार परिच्छेद पुरे.

मतांचे गणित मात्र कागदावर मांडा. १५ पैकी ९ होकार हवेत आणि स्थायी पाचांपैकी कुणाचाही नकार नको. तटस्थ राहणे नकाराधिकार धरला जात नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबिया प्रकरणी ही प्रथा मान्य केली. त्यामुळे नाराज स्थायी सदस्याला होकारापर्यंत ओढत बसण्याऐवजी तो कोणत्या शब्दाला तटस्थ राहील हे शोधा. बहुधा तो तपासणीच्या परिच्छेदावर अडेल. तिथे संमतीचे तास वाढवून द्या, मुदत १२ ऐवजी ६ महिने करा, अगदीच वेळ आली तर तो परिच्छेद सोडा. गुन्हा आणि अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदातले ‘निर्णय घेते’ बदलून ‘आवाहन करते’ करा, अशी मागणी आली तर मात्र अध्यक्षांकडे विश्रांती मागा आणि नऊ मते पुन्हा मोजा.